दोन बोटं खाली

“सूनबाई, त्या माणसाले सांग, का मूठ कामठ्याच्या मधोमध असते. आपला बाप बी मधोमधच धरत होता.”

‘तो माणूस’ म्हणजे मामाजींचा सख्खा धाकटा भाऊ. तो मामाजींपासून हातभर अंतरावर, त्याच सतरंजीवर, त्याच लाकडाचं दुसरं टोक धरून बसला होता. त्याला ऐकू गेलं नसेल असं मानायला काही जागाच नव्हती. तरी मी रीतसर तोंड वळवलं आणि म्हणाले, “काकाजी, मामाजी म्हणतात मूठ मधोमध असते.”

“त्याहीले सांग,” काकाजी माझ्याकडे बघत म्हणाले, “मधोमध मूठ नसते, मधोमध बाण असते. बाण मधातून सुटला पायजे, म्हून मूठ दोन बोटं खाली. अन् बाप चुकत होता.”

मी पुन्हा तोंड वळवलं. “मामाजी, काकाजी म्हणतात...”

“आयकलं मी,” मामाजी म्हणाले. “बापाले चूक म्हणते. त्याले म्हण, जेवाले बस आता.”

परतवाड्याच्या त्या घरात सून म्हणून येऊन मला एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाला होता, आणि तेवढ्यात मी घरातला टेलिफोन झाले होते. खरा टेलिफोन त्या काळी आमच्या आळीत फक्त लाकडाच्या वखारीत होता, आणि तोसुद्धा माझ्यापेक्षा कमी वाजत असे.

माझे सासरे दौलतराव आणि चुलतसासरे किसनराव, दोघंही हाडाचे सुतार. उभा जन्म बैलगाड्या केल्या. गाड्यांची मागणी आटली तेव्हा धामणीच्या लाकडाचे कामठे, म्हणजे धनुष्यं, करायला लागले. धामण वाकते पण सहजी मोडत नाही, म्हणून गाडीलाही तीच लागायची आणि तीरकामठ्यालाही. घराच्या मागच्या सपरीत त्यांचा कारखाना. एकदा त्यांचा एक कामठा एका कॉलेजच्या मैदानावर, ऐन खेळात, खालच्या पात्यात, म्हणजे मुठीखालच्या भागात, मोडला. मूठ मधोमध होती म्हणून मोडला, असं काकाजींचं म्हणणं. मूठ खाली सरकवली होती म्हणून मोडला, असं मामाजींचं. मोडलेल्याचे तुकडे चुलीत गेले, त्यामुळे खरं काय ते विचारायची सोय राहिली नाही. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

काम मात्र एकाच सपरीत, एकाच अवजारांवर. सकाळी मामाजी, दुपारून काकाजी. जेवण एकाच पंगतीत, कारण काकाजींचं लग्न झालेलं नव्हतं, आणि आत्याबाईंच्या हातची भाकर सोडून देण्याइतका त्यांचा राग काही मोठा नव्हता. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी आपणहून हे निरोप्याचं काम बरीच वर्षं केलं होतं. मी माप ओलांडून आत आले आणि त्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं. मंगळसूत्राच्या पाठोपाठच, म्हणा ना.

तर त्या दिवशी सतरंजीवर जे लाकूड होतं ते माझ्या कामठ्याचं होतं. लग्नाआधी मी अमरावतीला तिरंदाजी खेळायचे. बरी खेळायचे. बरी कसली, चांगली खेळायचे. आता या वयात कोणासाठी कमी सांगू. आदल्या वर्षी निवडीच्या वेळी माझा जुना कामठा तडकला आणि मी घरी बसले. यंदा दिवाळीनंतर राज्याच्या संघासाठी पुन्हा चाचणी होती. मी भीतभीत आत्याबाईंना विचारलं, तर त्या भाकर थापता थापता म्हणाल्या, “जा ना, माय. यंदा खेळून घे. पुढच्या साली पाळणा हालला का मंग कोण जाऊ देते अन् कोण जाते.”

त्यांच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. जे होत आलं तेच त्यांनी सांगितलं. पण मला ते छातीत लागलं. यंदा नाही तर मग नाहीच, हे मला त्या चुलीपुढं लख्ख कळलं, आणि त्या घरात मी पहिल्यांदा काही मागितलं ते म्हणजे एक कामठा.

मामाजी म्हणाले, मी करून देतो, फक्त त्याचा हात लागू देऊ नको. काकाजी म्हणाले, मी करून देतो, फक्त त्याहीचा हात लागू देऊ नको. मी दोघांनाही हो म्हटलं. नव्या सुनेला दुसरं काय येतं? आणि सुकून तयार असा धामणीचा दांडका घरात एकच होता, चुलीवरच्या माळ्याला धूर खात पडलेला. म्हणजे कामठा एक, कारागीर दोन, आणि पाळ्या ठरलेल्या.

कामठ्याचं खरं काम तासण्यात नसतं, खरवडण्यात असतं. सपरीच्या भिंतीत एक जाड खुंटी होती. तिच्यावर कामठा आडवा ठेवायचा, दोरीला थैली टांगायची आणि थैलीत हळूहळू ज्वारी ओतायची. माझी ओढ जिथं संपते तिथं भिंतीवर कोळशाची रेघ मारली होती. दोरी त्या रेघेपर्यंत उतरली की ज्वारी थांबवायची, मागं सरायचं आणि डोळे बारीक करून बघायचं, दोन्ही पाती सारखी वाकली का. जे पातं कमी वाकतं ते जड. त्याचं पोट काचेच्या तुकड्यानं जरासं खरवडायचं की ते नरम येतं. थैलीत जेवढी ज्वारी लागली तेवढा कामठ्याचा जोर. माझा बाण पन्नास मीटरवर नीट पोचायचा तर थैली गळ्यापर्यंत भरायला हवी होती. त्याहून हलका कामठा म्हणजे बाण अर्ध्या वाटेत मान टाकणार.

दसऱ्याच्या सुमारास थैली गळ्याच्याही वर भरत होती. मामाजी खूश होते. “आता थोडंसंच,” ते म्हणाले. “वरचं पातं जरा जड हाये. तेवढं काढतो. त्याले सांगू नको.”

मी नाही सांगितलं. दुपारून काकाजी आले, त्यांनी कामठा खुंटीवर ठेवला, ज्वारी ओतली, मागं सरले. “खालचं पातं जड हाये व,” ते म्हणाले. “दादाले आता दिसत नाई. वय झालं. मी जरासं काढतो, त्याहीले बोलू नको.”

तेही मी नाही बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी म्हणाले, वरचं पातं अजून जडच हाये. दुपारी काकाजी म्हणाले, खालचं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटलं, कामठा असाच होत असेल बाई. थोडं वरून, थोडं खालून. भाकर नाही का आपण फिरवून फिरवून थापत. मी दोन्ही वेळचा भुसा झाडून चुलीत टाकत होते आणि मनातल्या मनात अमरावतीच्या मैदानावर बाण सोडत होते.

“काय व सूनबाई,” एक दिवस आत्याबाई कोठीच्या तोंडाशी बसून म्हणाल्या, “ज्वारी काहून वापस येऊन राहिली?”

“कोणती ज्वारी?”

“सपरीतली. मी त्याईले थैलीभर देल्ली होती. आता रोज शेर-दोन शेर इकडं येऊन राहिली. काल तं डालडाच्या डब्यानं आली. तुया कामठ्याची भूक मेली का काय?”

मी हातातलं सूप खाली ठेवलं आणि सपरीकडे गेले. दुपारची वेळ, काकाजी अजून यायचे होते. थैली अर्ध्याच्या खाली होती. मी कामठा खुंटीवरून काढला आणि ओढला. दोरी हनुवटीपर्यंत अशी आली जसा न्हाणीचा पडदा बाजूला सारावा. मागच्या परसात जाऊन एक बाण सोडला. परसाच्या टोकाला चिंचेचं झाड होतं, ते पन्नास मीटरवरसुद्धा नसेल. बाण निघाला, अर्ध्यात दमला आणि शेजाऱ्यांच्या शेळीपुढं येऊन पडला. शेळीनं त्याचा वास घेतला आणि पुन्हा चरायला लागली.

संध्याकाळी नवरा ड्युटीवरून आला. प्रभाकर एसटीत कंडक्टर होता. जगातल्या सगळ्या भांडणांवर त्याच्याकडे एकच उपाय, पुढं सरका. त्यानं कामठा दोन बोटांनी ओढून बघितला.

“मच्छर मारायले बरा हाये,” तो म्हणाला.

मी हसले नाही, तेव्हा त्याला कळलं. चाचणी पुढच्या रविवारी होती. दुसरा दांडका सुकलेला नव्हता, आणि ओल्या लाकडाचा कामठा होत नाही. मी त्या रात्री खूप रडले. कुणाला ऐकू न जाता रडायचं कसब मला सासरी येऊनच आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पंगत सपरीत मांडली. दोन ताटं, समोरासमोर, मधे खुंटीवर कामठा. मामाजी उठायच्या बेतात होते आणि काकाजी दारात येऊन थबकले.

“आज हे इकडं काहून?” मामाजींनी विचारलं.

“बसा दोघंही,” मी म्हणाले. “मामाजी, थैली लावा आणि मला सांगा कोणतं पातं जड आहे.”

मामाजींनी कामठा खुंटीवर बरोब्बर मधोमध ठेवला, ज्वारी ओतली आणि बोट रोखलं. “वरचं. आंधळ्याले बी दिसन.”

दिसलंच. वरचं पातं ताठ होतं.

“काकाजी, आता तुम्ही सांगा.”

काकाजी पुढं झाले. त्यांनी खुंटीवरचा कामठा दोन बोटं सरकवला, त्यांच्या मुठीच्या जागी आणला, आणि मागं सरले. “खालचं,” ते म्हणाले. “मी कधीचा सांगून राहिलो.”

आणि तेही दिसलं. तोच कामठा, तीच थैली, आणि आता खालचं पातं ताठ.

मी बघतच राहिले. टेकू ज्या बाजूला सरकवाल ती बाजू आखूड होणार, आणि आखूड बाजू जड दिसणारच. मामाजी मधोमध टेकवून वरचं पातं खरवडत होते, काकाजी खाली टेकवून खालचं. एकानं वरचं नरम केलं की दुसऱ्याला खालचं जड, त्यानं खालचं नरम केलं की पहिल्याला वरचं जड. हे त्या दोघांना जन्मभर पुरलं असतं. कामठ्याचं दातकोरणं झालं असतं तरी पुरलं असतं.

“तुम्ही एकमेकांचं केलेलं खोडत बसलात,” मी म्हणाले. “रोज. आणि दोघांनाही पत्ता नाही.”

“पत्ता नाई कसा?” मामाजी म्हणाले. “त्याची काच डावीकडून चालते. लहानपणापासून. पात्यावर ओरखडा पायला का मले समजते.”

“अन् त्याहीची काच जाड,” काकाजी म्हणाले. “शिशीच्या बुडाची. मले रोज दिसत होतं का, सकाळी दादानं वरचं पातं घेतलं.”

“म्हणजे दोघांनाही माहीत होतं?”

मामाजी भाकरीचा तुकडा मोडत बसले. काकाजी ज्वारीच्या थैलीची गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधत होते. आणि मला अचानक कळलं की त्या दोघांचं काय चाललं होतं. इतक्या वर्षांत ते एकमेकांशी बोलत होते, बाकी काही नाही. सकाळी एकानं बोलायचं, दुपारी दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. त्यांना मजा येत होती. म्हातारे गाल फुगवून, चोरून, मजेत भांडत होते, आणि भांडायला त्यांना माझा कामठा मिळाला होता.

आज हे आठवलं की मला हसू येतं. त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “मला रविवारी जायचं आहे,” मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला, सासऱ्यापुढं, चुलतसासऱ्यापुढं, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. “यंदा नाही तर मी परत कधीच जाणार नाही, हे या घरात सगळ्यांना माहीत आहे. मला तुमची मूठ नको आणि तुमची दोन बोटंही नकोत. मला कामठा हवा होता.”

मग मी भिंतीवरची करवत काढली. मला वाटतं तोवर त्यांना समजलंच नव्हतं. चुलीसाठी कपाशीच्या वाळक्या पराट्या मोडताना मी रोज बघत होते, लांब पराटी गुडघ्यावर लवलव वाकते, आणि तीच अर्धी केली की वाकता वाकत नाही. कामठा काय, पराटीच ती, जरा घरंदाज. मी त्याची दोरी उतरवली, वरचं टोक सतरंजीवर पायाखाली दाबलं, चार बोटं मोजली आणि करवत लावली.

“नोको,” दोघं म्हणाले. एकदम, एकाच सुरात.

मी कापलं. टोक टणकन उडून काकाजींच्या वरणात पडलं. मग दुसरं टोक, चार बोटं.

“मोडन आता,” मामाजी म्हणाले.

“मोडनच,” काकाजी म्हणाले. “एवढा आखूड कामठा ओढला का फाटते.”

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा एका मताचे झाले होते, आणि तेही माझ्याविरुद्ध. मी कानस घेतली आणि दोरी अडकवायची खाच घालायला बसले. ती कशी घालतात हे मला नीट येत नव्हतं. मी दोन-चार हात वेडेवाकडे मारले असतील, तोच मामाजींनी माझ्या हातातून कानस काढून घेतली. चुकीची खाच डोळ्यांपुढं पडलेली त्यांना बघवली नाही. एक टोक त्यांनी धरलं. दुसरं टोक काकाजींनी धरलं, आणि खिशातून चाकू काढला. ताटं गार झाली. आत्याबाई दारातून बघून गेल्या.

दोरीला पीळ देऊन ती आखूड केली. थैलीत ज्वारी ओतली. अर्धी, पाऊण, मग पाऊणच्या वर. गळ्याला काही पोचली नाही, पण दोरी रेघेवर आली तेव्हा कामठ्यातून बारीकसा किर्र आवाज आला. मोडला नाही.

“आता मूठ,” मामाजी हळूच म्हणाले.

“तुम्ही दोघं जरा परसात जा,” मी म्हणाले. ते गेले, मुकाट. मी डोळे मिटून कामठा उचलला, हात जिथं पडला तिथं जुन्या लुगड्याची पट्टी जाडजूड गुंडाळली आणि दोऱ्यानं शिवून टाकली. मधोमध होती की खाली, ते त्या जाडीत कुणालाही सांगता आलं नसतं.

रविवारी दोघं माझ्याबरोबर आले. येऊ नका असं मी सांगितलं होतं, ते कुणी कुणाला पोचवलं नाही. प्रभाकरच्याच गाडीत, एक पुढच्या बाकावर, एक मागच्या. अमरावतीच्या मैदानावर पोरींच्या हातांत काय एकेक कामठे होते, बांबूचे, तेल पाजलेले, टोकांना रंग दिलेले. माझा त्यांच्यात शेपूट तुटलेल्या सरड्यासारखा दिसत होता. कामठे तपासणारे साहेब होते, पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. त्यांनी तो दोन्ही हातांत घेऊन फिरवला.

“हा कोणी केला हो?” त्यांनी विचारलं.

मामाजी आभाळाकडे बघायला लागले. काकाजी खाली वाकून वहाणेचा अंगठा ठीक करत बसले. परतवाड्याचे दोन नामी कारागीर, आणि त्या कामठ्याला बाप सापडेना.

“चालेल का, साहेब?” मी विचारलं.

“नियमात बसतो,” ते म्हणाले. “पण सांभाळून ओढा, बाई.”

जवळचं अंतर मी चांगलं मारलं. कामठा हलका, हात स्थिर, बाण जिथं सांगितला तिथं जात होता. पन्नास मीटरवर मात्र प्रत्येक ओढीला तो किरकिरायचा, आणि दर किरकिरीला बघ्यांसाठी बांधलेल्या दोराच्या मागं दोन म्हातारे मान खाली घालायचे. चार जणींना घ्यायचं होतं. सगळ्यांचं संपलं आणि माझा एक बाण राहिला तेव्हा मी पाचवी होते. चौथीला गाठायला सहा गुण हवे होते, मागं टाकायला सात.

मी शेवटचा बाण लावला, ओढला, आणि हनुवटीच्या जरा अलीकडेच कामठा टच् वाजला. मी हळूच दोरी परत सोडली. खालच्या पात्याच्या पोटावर एक केसाएवढी रेघ आली होती.

“राहू दे व पोरी,” काकाजी दोरापलीकडून म्हणाले. “फाटला तं डोळ्यात जाईन.”

“जाऊ दे, माय,” मामाजी म्हणाले. “दुसरा करून देतो मी. यंदा नाई तं पुढच्या साली.”

पुढच्या साली. मी वळून त्यांच्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. त्यांनाही कळलं.

“पुरा ओढणार नाही,” मी म्हणाले. “आवाज आला त्याच्या चार बोटं अलीकडेच थांबीन. बाण लवकर पडेल, तेव्हा नेम वर कुठं धरू, तेवढं सांगा.”

लक्ष्याच्या मागं, मैदानाच्या कडेला पाण्याची उंच टाकी होती. दोघांनी लक्ष्याकडे बघितलं, टाकीकडे बघितलं, आणि मला ठाऊक होतं आता काय होणार. एक म्हणणार टाकीचा पाय, दुसरा म्हणणार टाकीचं टोक, आणि मी उभी राहणार मधोमध, त्यांचे निरोप घेत.

“टाकीचा कठडा,” मामाजी म्हणाले.

“कठडा,” काकाजी म्हणाले, जवळजवळ त्याच वेळी.

मी सांगते, देवाचा कौल मिळाला असता तरी मला एवढा धीर आला नसता. ही दोन माणसं बापाच्या मुठीवर एक झाली नव्हती. ती जर एकाच कठड्यावर बोट ठेवत असतील, तर तो कठडा खोटा असूच शकत नव्हता. साहेबांनी शिट्टी फुंकून त्या दोघांना मागं व्हायला सांगितलं. मी ओढलं, चार बोटं अलीकडे थांबले, लक्ष्याकडे बघितलंच नाही, कठड्याकडे बघितलं आणि सोडला.

बाण एवढा वर गेला की पलीकडे उभ्या पोरी हसल्या. मग तो उतरायला लागला. उतरत, उतरत, मला वाटलं आता पडतो, आणि तो लक्ष्यात रुतला. लक्ष्यापाशी उभ्या माणसानं वाकून बघितलं, पुन्हा बघितलं आणि आठ बोटं वर केली.

मी तिथंच गवतावर बसले. प्रभाकर कुठूनसा पाण्याचा तांब्या घेऊन आला, आणि तेवढ्यात साहेब माझा कामठा उचलून आमच्याकडे आले. खालच्या पात्यावरची रेघ त्यांनी अंगठ्यानं चाचपली.

“याचं आयुष्य झालं,” ते म्हणाले. “पण मारा गजब. एवढा आखूड आणि असा सरळ बाण मी बघितला नव्हता. कोणाचं काम आहे हे?”

“माह्यं,” मामाजी म्हणाले.

“माह्यं,” काकाजी म्हणाले.

साहेबांनी एकाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी गवतावरून उठले, पदर नीट केला.

“माझं,” मी म्हणाले.

मला भीती वाटली नाही असं नाही. पण सात महिने दुसऱ्यांची वाक्यं इकडून तिकडे नेल्यावर हे पहिलं वाक्य माझं स्वतःचं होतं, आणि ते परत घ्यायचा माझा विचार नव्हता.

“बरं,” साहेब म्हणाले. “मग राज्यासाठी दुसरा लागेल, बाई. महिना आहे हातात. जमेल?”

“दांडका अर्धा सुकलाय. चुलीजवळ धरला तर जमेल,” मी म्हणाले. “करीन मी. हे दोघं आहेत मदतीला.”

“मदतीला?” साहेबांनी हसून त्या दोघांकडे बघितलं. “काय हो, खरं का?”

मामाजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग माझ्याकडे न बघता, मला काही सांग न म्हणता, ते सरळ भावाकडे वळले.

“काय रे किसन, हाये का तुले वेळ?”

काकाजींनी बराच विचार केला.

“सकाळून नाई,” ते म्हणाले. “दुपारून हाये, दादा.”

“मंग मी बी दुपारूनच येतो,” मामाजी म्हणाले.